नाव घेतल्याशिवाय

सेलूत जिनिंगचा हंगाम सुरू झाला की खिडक्या उघड्या ठेवायची सोय नसते. कापसाचे तंतू उडत येतात आणि नाकातोंडात जातात. म्हणून राजेश्वर भरदुपारी वरच्या खोलीत दारं-खिडक्या लावून कॉम्प्युटरवर गेम बनवत बसायचा. परग्रहावरची लढाई, आणि तिच्यात माणसाला अदृश्य करणारा एक पोशाख. घोडं अडलं होतं ते त्या पोशाखापाशी.

त्याची बायको धनश्री फिजिक्स घेऊन एम.एस्सी. झालेली. चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, "उजेड अंगातून आरपार गेला तं डोळ्यात काय ऱ्हाईल? अदृश्य माणूस आंधळाच पाहिजे."

"मंग खेळंल कोण, तुझा बाप?" राजेश्वर खेकसला. पण मुद्दा बिनतोड होता, आणि दुसऱ्याचा बिनतोड मुद्दा पळवण्यात हा गडी पटाईत. त्यानं तो घेतला, वर आपलं तिखटमीठ लावलं. पोशाख घातला की स्क्रीन काळी, फक्त आवाज. आणि घातलेला पोशाख स्वतःला काढता येणार नाही. जोडीदारानं खरं नाव घेऊन हाक मारली, तरच सुटका. खेळणारा रडकुंडीला येईल, या विचारानंच तो खूश झाला.

हाकेचं त्याला सुचलं ते घरातूनच. लग्नानंतर आठवड्याच्या आत धनश्रीनं पाहुण्यांसमोर "राजेश्वर" अशी हाक मारली होती. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं म्हणत सासूनं, सिद्धम्मानं, तिला भर बैठकीत एकेकाच्या पाया पडायला लावलं. राजेश्वर पोट धरून हसला होता. तेव्हापासून ती फक्त "अहो" म्हणायची.

पोशाख तयार झाला, त्या दुपारी त्यानं तो चालवून बघितला. स्क्रीन काळी झाली. मग कीबोर्ड काळा झाला, मग स्वतःचे हात. वीज गेली असं त्याला वाटलं. पण डोक्यावर पंखा फिरत होता, वारं लागत होतं.

जिन्यात पावलं वाजली.

"अहो?" धनश्रीचा आवाज. "आत्ता तं हितंच हुते."

"हितंच हाय मी. मला काहीच दिसंना गेलंय."

कप टेकल्याचा आवाज आला. मग तिची बोटं चाचपडत त्याच्या गालावर आली, तिथून डोळ्यांवर.

"उघडेच हायेत की," ती म्हणाली. आवाजात आश्चर्य नव्हतं.

राजेश्वरची पाचावर धारण बसली. "नाव घे माझं. एकदाच. हात जोडतो तुला."

"असं कसं? आयुष्य घटतंय की तुमचं."

"धनश्री!"

"आन् मंग पाया कुणाकुणाच्या पडू?"

तो धडपडत उठला. टेबलावर आपटला. दार सापडेना.

"आई! आई गं!"

खालून सिद्धम्मानं विचारलं, "बाळू हाय का गं वर?" जन्मापासून ती त्याला बाळूच म्हणत आली होती.

"न्हाई, आत्याबाई. परभणीला गेलेत."

"मंग वरडायलंय कोण?"

"गेममधला माणूस हाय. कमी करते."

खुर्ची सरकली. माऊसची टिचकी वाजली.

राजेश्वर जिवाच्या आकांतानं ओरडत होता. घसा फाटत होता. आणि प्रत्येक टिचकीसरशी त्याचा आवाज त्याच्याच कानात बारीक होत गेला.

आणखी एक टिचकी.

"आता कसं शांत झालं," खाली आई म्हणाली.