माळावरचा पहारा

"हात वर करा!" मी बाभळीमागून ओरडले. आणि ओरडल्यावर वाटलं, हे जरा जास्तच झालं.

पण त्यानं खरंच हात वर केले. एका हातात चमचा, दुसऱ्यात कणकेचा गोळा. पूर्वेला नुकतं तांबडं फुटत होतं, कडुलिंबाच्या मोहराचा वास माळभर पसरला होता, आणि हा उंचापुरा मनुष्य माझ्याकडे बघत उभा.

"काय चोरलं हो मी?"

"चोरलं न्हाई, पण चोरणार होता. रोज इथं कणीक टाकून तित्तरं धरता ना? गुन्हा आहे तो!"

त्यानं गोळ्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग एक पाऊल बाजूला सरकला. त्याच्या मागे सतरंजीवर मृदंग होता.

माझे कान तापले. मृदंगाच्या डाव्या बाजूला भिजवलेली कणीक लावतात, तेव्हाच तो घुमतो; वाजवून झालं की ती खरवडून काढतात. कीर्तन म्हटलं की मी पहिल्या रांगेत. लहानपणापासून हे बघत आले... आणि मला हेच सुचू नये!

"घरी का न्हाई वाजवत?" माघार घ्यायची तर थोडा आवाज चढवूनच घ्यावी.

"शेजारी म्हणतात, माझ्या रियाजानं त्यांच्या म्हशी दूध चोरून राह्यल्या. मंग आलो माळावर. इथंबी पोलीस निघाले."

मला हसू आलं, पण तेवढ्यात माझी नजर त्याच्या पायाकडे गेली.

"हलू नका!"

"आता पायानं काय केलं?"

"उजव्या पायाजवळ बघा. नीट."

तो एका पायावर तोल सांभाळत वाकला. "खडे दिसून राह्यले."

"त्यातले दोन खडे न्हाईत."

त्याच क्षणी मातीचाच एक तुकडा उठावा तसा एक पक्षी त्याच्या पायाजवळून निघाला आणि आवाज न करता पलीकडच्या झुडपाआड गेला. मागे दोन अंडी. मातकट, ठिपक्यांची, उघड्या जमिनीवर.

"रातवा," मी हळूच म्हणाले. "घरटं बांधत न्हाई. जमिनीवर भरवसा ठेवतो. तुमच्या कणकेला कावळे येतात, आणि कावळ्यांना अंडी दिसली की संपलं."

तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मग सगळी कणीक रुमालात बांधून घेतली. मला न विचारता.

त्याचं नाव कल्याण. टेंभुर्णीच्या बसस्टँडजवळ त्याचं बियाण्याचं दुकान, आणि पंचक्रोशीत कुठंही सप्ताह असला की मृदंगाला हाच. मी आजवर त्याला कीर्तनात नीट बघितलंच नव्हतं. माझं सगळं लक्ष महाराजांकडे असायचं ना!

दुसऱ्या दिवशी तो कणकेसाठी झाकणाचा डबा घेऊन आला आणि पार लांब, ओढ्याकाठी बसला. तिसऱ्या दिवशी मीच त्याच्याजवळ जाऊन बसले.

"तुम्ही रोज इथं काय करता?" त्यानं विचारलं.

"शिकते. वन्यजीव संवर्धन आणि पर्यावरणाची एम.एस्सी. ऑनलाइन."

"म्हंजी जंगल मोबाईलवर?"

"वर्ग मोबाईलवर. जंगल इथं."

"ह्याला जंगल म्हणता? गाव तर पडीक म्हणतं."

"तुमच्या पायाखाली दोन जीव होते. तरी पडीक?"

तो हसला. डाव्या गालावर खळी पडली... अभ्यासाशी संबंध नसलेलं असं बरंच निरीक्षण माझ्याकडून त्या दिवसांत झालं.

संध्याकाळी रातव्याच्या अंड्यांपलीकडच्या मोठ्या दगडावर बसलं की नेटवर्क पूर्ण मिळायचं. सुमेधा मॅडम पुण्याहून शिकवायच्या आणि माझ्या पडद्याच्या कडेला खराखुरा रातवा बोलायचा. चुक्... चुक्... चुक्-चुक्-चुकुर्रर्र. फरशीवर गोटी पडून उसळत जावी तसा.

"ठाय, मंग दून, मंग चौगुन, लय कशी चढवत नेतो," आता संध्याकाळीही यायला लागलेला कल्याण म्हणाला. "कोणापाशी शिकला हो हा?"

"जो सगळ्यांना शिकवतो, त्याच्यापाशी."

त्यानं बोटांनी डब्याच्या झाकणावर तीच लय धरली आणि माझ्याकडे बघत राहिला. मी मॅडमकडे बघत राहिले. मॅडम काय शिकवत होत्या ते विचारू नका.

आणि नेमकं तेव्हाच आमच्या सप्ताहाचं बिघडलं. म्हणजे सप्ताहाचं छानच चाललं होतं, बिघडलं माझं. हनुमान जयंतीला काला, आणि काल्याची पंगत यंदा माळावर बसवायची ठरली. ट्रॅक्टरला फळी लावून सगळा माळ साफ करणार. सप्ताह कमिटीचे अध्यक्ष कोण? माझे वडील, पुंजाराम अण्णा!

सगळ्या हंगामात मला सापडलेलं रातव्याचं हे एकच जोडपं. अंड्यातून पिलं निघेपर्यंतचं निरीक्षण, हाच माझा शेवटचा प्रकल्प. ती अंडी गेली असती तर पदवी वर्षभर लांबली असती. पण खरं सांगू? पदवीपेक्षा मला ती मादी आठवायची. भर उन्हात डोळे किलकिले करून बसलेली.

मी मारुतीच्या देवळात, भर बैठकीत उभी राहिले.

"अण्णा, तेवढा दगडाजवळचा कोपरा सोडा. तिथं रातव्याची दोन अंडी आहेत."

कमिटीतले बद्रीनाथ काका हसले. "पोरी, मोबाईलवरच्या शाळेनं गावाची पंगत उठवती का?"

"दोन अंड्यांपायी?" अण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या.

मी घाबरले नाही. देवळात कशाला घाबरायचं?

"काका, सप्ताहात वीणा खाली टेकते का?"

"बिलकुल न्हाई!" काकांना रागच आला. "सात दिवस, रातंदिस. एक थकला की दुसरा उभा राह्यतो. एकमेकांच्या पाया पडायचं, आलिंगन द्यायचं, मंग वीणा घ्यायची. रीत आहे आपली."

"हाच पहारा माळावर चालू आहे. ती उठली की तो बसतो, तो उठला की ती. अंडी एकटी सोडत न्हाईत. त्यांनाबी सप्ताहच लागलाय म्हणा ना. आपण देवाच्या नावानं उभं राह्यचं आणि त्याच्या दारचा पहारा मोडायचा... बराबर दिसंल का ते?"

काकांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"कोपरा सोडू," अण्णा शेवटी म्हणाले. "पण गर्दीत लेकरं धावतील, कुत्री येतील. राखण कोण करणार?"

"मी."

"एकटी?"

"सकाळचा पहारा माझा," मागच्या खांबाजवळून आवाज आला. कल्याण. "कीर्तन रात्री असतं. सकाळी मी मोकळाच."

"आणि दुकान?" काकांनी टोमणा मारलाच.

"दुकानाला कुलूप असतं काका. अंड्यांना न्हाई."

अण्णांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मारुतीकडे बघायला लागले.

दगडाभोवती, बरंच अंतर राखून, आम्ही चुन्याच्या फक्कीनं गोल आखला. सकाळी तो, दुपारनंतर मी. बदलताना दोन शब्द व्हायचे, त्यांचे वीस व्हायचे. रात्री कीर्तनात मी पहिल्या रांगेत. महाराज अभंगाचं चरण उचलायचे, टाळकरी पाऊल टाकायचे, आणि मृदंग असा कडाडायचा की अंगावर काटा यायचा. मी आता दोन्हींकडे बघायला शिकले होते.

काल्याच्या दिवशी मात्र माझी परीक्षा होती. काल्याचं कीर्तन मी जन्मात कधी चुकवलं नव्हतं. सगळे खेळगडी आपापल्या शिदोऱ्या एकात एक करतात आणि देव त्यांच्यात बसून खातो... ते ऐकताना माझे डोळे भरून येतातच. पण त्या दिवशी कीर्तन दिवसा, कल्याण मृदंगावर; मांडव तिकडे, मी इकडे. माळावर पंगतीच्या पट्ट्या अंथरलेल्या, लेकरं फक्कीच्या कडेला घुटमळणारी. भोंग्यावरून मृदंग ऐकू येत होता आणि मी त्यातच समाधान मानून उभी होते.

तेवढ्यात डोक्याला उपरणं गुंडाळून अण्णा आले.

"जा. काला चुकवू नको."

"पण अण्णा, तुम्ही अध्यक्ष..."

"मंग अध्यक्षानं राखण करू न्हाई का? जा जल्दी. हंडी फुटायची आहे." मग त्यांनी हळूच विचारलं, "ती कुठं बसलीय गं? मला तर दिसंना."

मी बोट दाखवलं. अण्णा कितीतरी वेळ बघत होते. दिसल्यावर त्यांनी नकळत हात जोडले.

मी धावतच गेले. हंडी फुटली, दही उडालं, कल्याणनं मान उचलून पाहिलं. त्याला मी तिथं अपेक्षित नव्हते. त्याची थाप चुकली नाही, पण खळी पडली.

पंगत उठली तेव्हा उन्हं कलली होती. मी द्रोणात काला घेऊन परतले, तर अण्णा ओठांवर बोट ठेवून उभे. मादी जरा सरकली आणि तिच्या पंखाखालून मातीच्या रंगाचं एक कापसाचं बोंड हललं. मग दुसरं.

"आलं गं लेकरू," अण्णा कुजबुजले. मग घसा खाकरून म्हणाले, "मी भांडी मोजायला जातो," आणि समोरून येणाऱ्या कल्याणला वाट देत निघून गेले. भांडी मोजणं हे कमिटीत त्यांचं काम कधीच नव्हतं.

कल्याण फक्कीच्या कडेला बसला. पिलं बघितली.

"वीणा खाली ठेवली आज," तो म्हणाला. "सप्ताह सरला. पिलंबी चार दिवसांत हिंडायला लागतील म्हणता. मंग आपला पहारा..."

"काय आपला पहारा?"

"मला न्हाई सोडायचा." त्यानं मान वर केली. "तुमची पदवी होऊ द्या. पुढं कुठल्याबी माळावर जा. मी येतो. मृदंग काय, कुठंही वाजतो."

मी काल्याचा द्रोण त्याच्यापुढे धरला.

"हा पहारा एकट्यानं होत न्हाई, हे मी भर बैठकीत सांगितलंय. ऐकलं नव्हतंस का?"

तो घास घेता घेता थांबला. "ऐकलं नव्हतं...स?"

"हो. स."

तो उभा राहिला. उन्हाचा शेवटचा तुकडा त्याच्या खांद्यावर होता.

"मंग आता माझी पाळी. पण पहारा घ्यायचा तर रीत पाळावी लागती, काका म्हणले ना. पाया पडायचं, आणि..."

"अर्धी रीत पुरे."

"कोणती अर्धी?"

झुडपाआडून रातव्यानं सुरुवात केली होती... ठाय, मग दून... आणि चौगुन व्हायच्या आत मीच एक पाऊल पुढे टाकलं.