मेंढ्याचं तोंड

एल्स्पेट ड्युरीच्या पत्राला निनियन मॅकहार्गने सात आठवडे उत्तर दिलं नव्हतं. पत्र दोन ओळींचं होतं. तुमच्या मानचिन्हाचा कच्चा नमुना सोबत आहे, पसंत असल्यास सही करून पाठवा, म्हणजे पक्कं रंगवते.

सही केली की काम संपलं... मग एडिंबराला जायचं कशाला?

गॅलोवेच्या डोंगरांत चुन्याशिवाय दगडी कुंपणं रचणारा हा माणूस. गावकऱ्यांनी भरीस घातलं म्हणून ढालीवर रंगवायच्या घराण्याच्या मानचिन्हाचा अर्ज केला, आणि एडिंबरातल्या कचेरीत चुकून चित्रकारांच्या खोलीत शिरला. तिथे रंगवत बसलेल्या एल्स्पेटने आधी त्याचे चिखलाचे बूट पाहिले, मग हात – आणि हसली. तेव्हापासून तो चार वेळा ‘शंका’ घेऊन गेला होता.

आज तीच बसमधून उतरून त्याच्या अर्धवट कुंपणापाशी आली. वाऱ्याने केस पार विस्कटलेले.

“मॅकहार्गसाहेब, उत्तर आलं नाही तर सोमवारपासून तुमचं काम दुसऱ्याकडे जाईल. नमुना आवडला नाही का?”

“आवडला.” त्याने हातातला दगड उगाच फिरवला. “फक्त... ढालीवरच्या मेंढ्याचं तोंड दुसरीकडे हवं होतं.”

“ही पाचवी शंका. ढालीवरचं जनावर ढाल धरणाऱ्याच्या उजवीकडेच बघतं. वळवलं तर पळपुटं वाटतं.”

“कधीच वळवत नाहीत?”

तिने केस कानामागे सारले. “नवरा-बायकोच्या ढाली शेजारी रंगवल्या, तर त्याचं जनावर तिच्याकडे वळवतात. जुना रिवाज आहे.”

“तुमची ढाल... आहे?”

“वडिलांकडून आलेली. तीन गवतफुलं आहेत तिच्यावर. मेंढ्यापासून जपावी लागतील.”

निनियनचे कान लाल झाले. त्याने नमुना दगडावर ठेवला, सही केली आणि खाली काहीतरी लिहून हाताने झाकलं.

“दाखवा.”

“उत्तर टपालाने द्यायचं असतं ना?”

“मी समोर उभी आहे, भल्या माणसा.”

“तोंडाने जमलं असतं, तर सात आठवडे लागले असते का?”

तिने पिशवीतून पाकीट काढून दिलं. तिकीट लावलेलं, कचेरीचा पत्ता घातलेलं. त्याने नमुना आत घालून ते चिकटवलं. दोघं उतारावरून गावातल्या लाल टपालपेटीपाशी आली. तिथे मात्र त्याचा हात अडला. तिने नकार दिला तर... सगळा गाव पुढच्या महिन्यात हे चिन्ह बघायला जमणार होता.

“‘मेंढा वळवा. शेजारी तुमची ढाल चालणार असेल, तरच,’” एल्स्पेटने त्याची झाकलेली ओळ हळूच म्हणून दाखवली. “समोरच्याने लिहिलेलं उलटं वाचायची सवय आहे मला. रोजचंच काम.”

“मग...?”

“चालेल. टाक आता.”

निनियनने पाकीट सोडलं.