नाव नको, शेवट सांग

आमच्या वुपरटालमध्ये पाऊस नसलेला दिवस उजाडला, तर लोक एकमेकांकडे संशयाने बघतात. त्यामुळे त्या मंगळवारी गेझीने (नावच ते, शेवटच्या 'ने'सकट) भिजत होती, यात नवल काहीच नव्हतं. नवल हे, की चांगला आडोसा सोडून ती ऑपेरागृहाच्या भिंतीवरच्या काचेच्या कपाटासमोर उभी होती आणि आतल्या फोटोशी हुज्जत घालत होती.

फोटोत ओळीने सहा वॉशिंग मशीन, आणि एकावर आंघोळीचा झगा घालून बसलेला एक जाडा माणूस. खाली नावाची पट्टी अजून लागली नव्हती.

"आता हा ऑपेरा कुठला समजायचा माणसाने?" ती पुटपुटली.

"ओळखा की." कपाटाच्या उघड्या दारामागून आवाज आला. दार मिटलं तेव्हा मागे एक उंच, किडकिडीत माणूस होता, हातात मूठभर टाचण्या घेऊन. "फक्त नाव घ्यायचं नाही. नाव काय, माहितीपत्रकात वाचूनही कळतं. शेवट सांगायचा."

"शेवटी ती... खोकून खोकून मरते?"

"साफ चूक. शेवटी तो नरकात जातो."

"यातून?"

"तीन नंबरच्या मशीनमधून," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. गेझीने हसली, आणि हसताना तिच्या चष्म्यावरून पाणी ओघळलं. त्याने खिशातून रुमाल काढून दिला. रुमाल वंगणाने माखलेला होता, पण ते तिने त्याला सांगितलं नाही.

त्याचं नाव टीलो. तो तिथे रंगमंचावरचे दिवे सांभाळायचा. ती पुलापलीकडच्या चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. त्यानंतर दर मंगळवारी दुपारच्या सुट्टीत ती नाट्यगृहाच्या उपाहारगृहात जाऊ लागली. टीलो गावोगावच्या नाट्यगृहांचे फोटो गोळा करून आणायचा आणि नावावर अंगठा ठेवून पुढे सरकवायचा. हरेल त्याने आलुबुखाराचा केक खिलवायचा. आता आमच्याकडचे दिग्दर्शक म्हणजे राजवाड्याचा प्रसंग राजवाड्यात घडवला तर त्यांना कमीपणा वाटतो. राजा मोटारींच्या दुकानात, परी दंतवैद्याच्या खुर्चीत! गेझीने एक गोष्ट पक्की शिकली: खोली जितकी साधी, तितकी कथा जुनी. तरी बहुतेक केक तिनेच खिलवले.

एकदा मात्र विमानतळावरच्या सामानाच्या पट्ट्याचा फोटो बघून ती लगेच म्हणाली, "शेवटी ती किल्ल्यावरून उडी मारते." टीलोने कॉफीचा कप उचलला, थोडा वेळ तसाच धरला आणि विचारलं, "आता... तू म्हणायला हरकत नाही ना?" आमच्याकडे हे कुणी उगाच विचारत नाही. एकदा तू झालं की परत तुम्हीवर जाता येत नाही. तिने मनातल्या मनात 'तू' दोनदा म्हणून पाहिलं, गिऱ्हाईक नवा चष्मा लावून पाहतं तसं. मग मान डोलावली.

प्रेमात पडली होती बया, दुसरं काय. पण बोलेल तर शपथ. आणि तोही तसलाच. दिवा कुठे लावायचा ते त्याला अचूक कळे, तोंड कधी उघडायचं ते कळत नसे.

फेब्रुवारीत त्याला दूर परदेशातल्या ग्रात्सच्या नाट्यगृहाचं नोकरीचं बोलावणं आलं. हे त्याने केक खाता खाता सांगितलं. शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. ती बराच वेळ साखर ढवळत राहिली.

"मग... जाणार?"

"बघू. अजून ठरलं नाही." तो तिच्याकडे बघत राहिला. तिने अभिनंदन केलं.

गुरुवारी दुपारी तिच्या फोनवर एक फोटो आला. पिवळ्या फरश्यांचं स्वयंपाकघर, हिरवा टांगता दिवा, दोघांसाठी मांडलेलं टेबल. एक खुर्ची किंचित ओढलेली, आणि कुठूनसा तिरपा उजेड फक्त त्या खुर्चीवर. खिडकीबाहेर रुळाखाली टांगून धावणाऱ्या आमच्या गाडीचं पोट. खाली लिहिलं होतं, 'नाव नको. शेवट सांग. संध्याकाळपर्यंत.'

तिने फोटो मोठा करकरून पाहिला. काय तो प्रकाश! आणि गाडी तर अशी रंगवली होती, की खरीच वाटावी. गिऱ्हाईकं आली-गेली, ती विचारच करत राहिली. तो निघूनच जाणार असेल, तर निदान हा एक तरी फोटो तिला बरोबर ओळखायचा होता. हुशार बाई म्हणून लक्षात राहायचं होतं. शेवटी तिने लिहिलं, 'सोपं आहे. तो वाट बघतो, ती येत नाही. दिवे विझतात.'

उत्तर खूप उशिरा आलं. 'बरोबर.'

ती इतकी खूश झाली, की तिने घरी जाताना स्वतःसाठीच केक विकत घेतला. शुक्रवारी टीलोने ग्रात्सला होकार कळवला. निघताना स्टेशनवर तो म्हणाला, "तुझं शेवटचं उत्तर विसरणार नाही मी." तिला ती शाबासकी वाटली.

मे महिन्यात एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचा चष्मा पोचवायला ती गावाच्या दुसऱ्या टोकाला निघाली. टांगती गाडी घरांच्या दुसऱ्या मजल्याला घासून जाते, आत काय शिजतंय तेही दिसतं. एका वळणावर तिला पिवळ्या फरश्या दिसल्या. हिरवा दिवा. रिकामी खोली, आणि शिडीवर चढून भिंत रंगवणारा माणूस. ती पुढच्या स्टेशनात उतरली आणि परतीच्या गाडीत बसली. मग पुन्हा पलटली. तिसऱ्या खेपेला फोन काढून फोटो ताडून पाहिला. टीलोच्या घरी ती कधी गेलीच नव्हती. दिवसभर लोकांना नीट दिसावं म्हणून राबणारी ही बाई, आणि तिलाच दिसलं नव्हतं. गाडीत ती रडली, लोकांसमोर, रुमालाशिवाय.

घरी येऊन तिने सूप केलं. दोन ताटल्या मांडल्या, एक खुर्ची ओढली, पुस्तकांवर टेबलदिवा चढवून उजेड तिच्यावर सोडला. फोटो पाठवला. 'नाव नको. शेवट सांग.'

फोनच वाजला.

"गेझीने... हे स्टेज आहे, की—"

"माझं स्वयंपाकघर. खरंखुरं. आणि ते... ते तुझं होतं ना?"

टीलोच्या मागे एका बाईने विचारलं, बटाटे उतरवू का? फोनवर हात ठेवून तो काहीतरी हळू, सवयीच्या आवाजात बोलला.

"तो दिवा लावायला मला अडीच तास लागले होते," मग तो म्हणाला.

"मला वाटलं, कुणाचं तरी सुंदर नेपथ्य आहे."

तो हसला, पण ते हसू पुरतं आलं नाही. "तू आली असतीस, तर मी गेलो नसतो."

"कळलं असतं तर पळत आले असते, टीलो. चप्पलसुद्धा न घालता."

बाहेर पाऊस होताच.

"शेवट नाही सांगितलास," ती म्हणाली.

"यात कुणी मरत नाही," टीलो सावकाश म्हणाला. "नुसता उशीर होतो."

"बरोबर," गेझीने म्हणाली, आणि फोन ठेवला. मग ती ओढलेल्या खुर्चीवर जाऊन बसली. सूप गार झालं होतं. ते तिने तसंच प्यायलं.