कप धरलेला हात

"आज फुली कोण मारतंय ते शोधायचंच," प्रोफेसर म्हणाला आणि त्याने चष्मा पुसला. प्रोफेसर म्हणजे बुटकीचा मावसभाऊ, वय वर्षं तेरा. त्याचा धाकटा भाऊ गोटू शेजारी अर्धा पाव तोंडात कोंबून उभा होता.

बुटकीने नुसती मान हलवली. सुट्टीत आईने तिला मावशीकडे पाठवलं होतं. बाबा जाऊन चार महिने झाले होते आणि ती एकदाही रडली नव्हती. सगळे तिला शहाणी म्हणायचे. पण मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय कसा बधिर होतो, तशी ती सगळीच्या सगळी झाली होती.

मावशी पाहुण्यांना जुन्या गोदामांच्या वस्तीत फिरवायची. ओस पडलेल्या त्या गोदामांत आता बेकरी होती, कॉफी भाजणारा होता, सरबतवाला होता, आणि भिंतीभिंतीवर चित्रं होती. खात, पीत, बघत दोन तासांची फेरी. शेवटचा थांबा दोरखंडाच्या गोदामाचा. तिथे भिंतीवर एक भलामोठा हात चहाचा कप धरून होता. ही जुनी जाहिरात बाबांनी रंगवली होती. बाबा पाट्या रंगवायचे, आणि त्यांच्या हातचं एवढंच काय ते शिल्लक होतं.

या आठवड्यात बेकरीवरचा मासा आणि कॉफीवाल्याचं घुबड पांढऱ्या चुन्याखाली गडप झाली होती. दोन्ही चित्रांच्या कोपऱ्यात आधी खडूची फुली दिसली होती. आज तशीच फुली हाताखाली होती.

मुलं पोचली तेव्हा रंगाऱ्यांचा मुकादम बादलीत चुना ढवळत होता.

"ओल आलेल्या भिंतींवर फुली असते. फुली दिसली की पांढरं करायचं, असा हुकूम आहे," तो म्हणाला.

प्रोफेसरने भिंतीवर तळवा टेकवला. "ही तर खडखडीत कोरडी आहे."

"पण फुली तर आई मारते," गोटू पाव गिळत म्हणाला. "लोकांना कुठे उभं करायचं ते विसरायला होतं ना तिला. माझ्या डबीतले खडू काय उगाच संपतात?"

प्रोफेसरने कपाळावर हात मारला. म्हणजे आपलीच आई गुन्हेगार!

"ते तुमच्या आईने येऊन सांगावं. पोराटोरांच्या शब्दावर मी काम थांबवत नाही," मुकादम म्हणाला आणि त्याने शिडी उचलली.

गोटू आईला आणायला बेकरीकडे धूम पळाला. बुटकीने समोरच्या टपरीवरून काठोकाठ भरलेला चहाचा कप आणला, भिंतीखालच्या कट्ट्यावर चढली आणि हात लांब करून उभी राहिली. चित्रातल्यासारखीच. ती सहा वर्षांची असताना बाबांनी तिलाच असं उभं करून हा हात काढला होता.

"बघा, बघा, खरा हात आणि रंगवलेला हात!" प्रोफेसरने हाकारा दिला. येणारेजाणारे थांबले, फोटो काढू लागले. शिडी टेकवायला जागा उरली नाही.

"हल गं पोरी," मुकादम वैतागला.

"हलले तर सांडेल," बुटकी म्हणाली. बाबा तिला हेच बजावायचे.

बऱ्याच वेळाने मावशी धापा टाकत आली, मागून तिचे वीस पाहुणे. सगळं ऐकून ती खजील झाली आणि तिने पदरानेच फुली पुसली.

मुकादमानेही शिडी आडवी केली. "खाली तैलरंग आहे, वर नुसता चुना. दोनदा धुतलं की मासा आणि घुबड परत दिसतील," तो म्हणाला. "पण ही पोरगी कमाल आहे. थेंब सांडला नाही."

"शाबास गं, माझी शहाणी. ठेव आता कप," मावशी म्हणाली.

पण कोपर वाकेना. मावशीने कप काढून घेतला, तशी खांद्यापासून बोटांपर्यंत कळ गेली. चित्र काढलं त्या दिवशीही अशीच गेली होती, आणि बाबांनी रंगाच्या बोटांनी तो हात चोळून दिला होता.

"दुखतोय," बुटकी म्हणाली. "मावशी, खूप दुखतोय."

आणि चार महिन्यांचं रडू एकदम आलं. मावशी तिचा हात चोळत राहिली, आणि या वेळी तिला कोणी शहाणी म्हटलं नाही.