फळ्यावरचा हात

"तुमच्यापैकी कुणाचा तरी हात लागेल मला… दोन दिवस," तो पेंटर दारातूनच म्हणाला, आणि आम्ही शिवणाऱ्या बायका फिस्सकन हसलो.

नाव मालोजी, गाव उमरठ. महाडच्या आमच्या शेडीत एकीकडे सुतार, दुसरीकडे आम्ही, मधून इंजिनचा पट्टा फिरायचा. त्यात राहीबाईची बांगडी अडकली नि मनगट मोडलं. म्हणून मालकानं त्याला इशाऱ्याचा फळा रंगवायला सांगितला होता: पट्ट्याजवळ जाताना बांगड्या उतरवा. वर तसा बिनबांगड्यांचा हात काढायचा.

"चितरासाठी हात ओका करू?" ठकूबाई कडाडली. "मेल्या, दादला जिता हाय माझा!"

"माझा घ्या," मी म्हटलं. "माझा ओकाच हाय."

लग्नाला सहा महिने होतात न होतात तोच माझा नवरा सावित्रीच्या पुरात गेला होता.

दोन दिवस हात टेबलावर ठेवून बसले.

"हलतोय तुमचा हात."

"एवढं टक लावून बघितल्यावर हलणार नाय तर काय…"

"हाताकडंच बघतोय मी."

"मग मान वर कशाला करता घडीघडी?"

तो हसला. कानापर्यंत लाल झाला मेला! खरं सांगते, त्या दोन दिवसांत मला पुन्हा जगावंसं वाटलं.

तिसऱ्या सकाळी बघते तर फळ्यावरच्या हातात हिरव्यागार बांगड्या.

"हे काय? फळा चुकला की!"

"चुकू दे. मला हा हात असाच बघायचाय… रोज, माझ्या घरात. याल?"

माझी धाकटी बहीण बया, तिचं पोलादपुरात ठरलेलं. सोयरे भारी मानी. मी दुसरं घर केलं असतं तर सोयरीक मोडली असती, आणि लग्नानंतर केलं असतं तर तिला माहेरी धाडली असती.

"पुसा त्या," मी म्हटलं.

"माझ्यानं नाय व्हायचं."

मग मीच ब्रश घेतला. एकेक बांगडी अंगाच्या रंगानं झाकली. डोळ्यांना धार लागलेली, तरी एकही सोडली नाही. त्याच संध्याकाळी तो मुंबईच्या एस.टी.त बसला. परत आला नाही.

पाच पावसाळे झाले. बयाच्या कडेवर पोर आहे, सुखात आहे ती. फळ्यावरचा वरचा रंग मात्र पोपडे धरून सुटतोय नि मनगटावर हिरवं दिसू लागलंय.

"फळा नवा करून घ्याय होवा गो," परवा ठकूबाई म्हणाली.

"राहू दे," मी म्हटलं. "कुणाचं काय जातंय…"

माझ्या हाताला आता फळ्यावरच्या तेवढ्याच बांगड्या आहेत.