पेन्सिलीच्या मागे

रफूगाराने तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती दोन होती. दोघीही सावळ्या, दोघींच्याही पांढऱ्या कोटाचं वरचं बटण तुटलेलं. नमस्कार कुणाला करावा ते न कळून त्याने मधल्या रिकाम्या जागेला केला.

"बसा," दोघी म्हणाल्या. "मी एकच आहे."

कपाटावरचं गाठोडं काढताना तो स्टुलावरून पडला होता. डोकं फुटलं नाही, पण जगातली प्रत्येक वस्तू जोडीने दिसू लागली. "लग्न नाही केलंस, निदान एवढी तरी सोबत," आत्या म्हणाली. आत्याच्या विनोदावर रुग्णालयात इलाज नव्हता.

ती तिथे रुग्णांकडून डोळ्यांचे व्यायाम करून घेई. तिने कागदावर मेंदूचा देठ काढून दाखवला. "इथे मुगाच्या दाण्याएवढी केंद्रं असतात. जवळचं बघायचं म्हटलं की एका दमात तीन हुकूम सोडतात. डोळे आत वळवा, भिंग फुगवा, बाहुल्या आवळा. तुमच्या केंद्रांना हादरा बसलाय. रुसलीत ती."

"समजूत कशी काढायची?"

"पेन्सिलीने."

मग दर मंगळवारी, शेवटच्या नंबरला, ती समोर बसे, पेन्सिल हातभरावरून त्याच्या नाकाकडे आणी आणि विचारी, "किती?"

"दोन."

दोन महिन्यांत रस्ता एक झाला, दिवा एक झाला. आत्याही एक झाली, आणि तेवढी पुरेशी होती. पेन्सिली मात्र दोनच राहिल्या. रफू तर त्याहून जवळचं काम, सुई वीतभरावर आणि धागा केसाएवढा. पेन्सिल एक होईपर्यंत सुईला हात लावायचा नाही, ही तिची ताकीद होती. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच दोन दिसत.

बाराव्या मंगळवारी तिने पेन्सिल खाली ठेवली.

"तुमची केंद्रं बरी झालीत."

"मग दोन का दिसतात?"

"लांबचं बघताना मधे आलेली वस्तू कुणालाही दोन दिसते. तुम्ही पेन्सिलीकडे बघतच नाही. बघितलं असतंत तर बाहुल्या आवळल्या असत्या. त्या मोठ्याच राहतात. तुम्ही… मागे बघता."

पेन्सिलीच्या मागे एक खुर्ची होती. खुर्चीवर कोण बसतं हे खोलीतल्या दोघांनाही माहीत होतं.

तिने पेन्सिल त्याच्या हातात दिली आणि त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं. तो टोक जवळ आणत गेला. एक. नाकापर्यंत एकच.

"तुम्हाला कधी कळलं?"

"मागच्या मंगळवारी." ती म्हणाली. "सांगितलं असतं तर तुमचं येणं संपलं असतं. म्हणून नाही सांगितलं. चुकलं माझं, आणि ही चूक लहान नाही."

तो भिंतीकडेच बघत राहिला. "शनिवारी मी बाबांच्या सुया आणि कात्री देऊन टाकली. पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याला. म्हटलं, आपल्याच्याने आता होत नाही. तेव्हापासून आत्याने एकही विनोद केलेला नाही."

तिचा चेहरा उतरला. तिने फाईलवर 'बरे झाले' लिहिलं, सही केली, आणि पेन तिथेच टेकून राहिलं. शाई पसरत गेली.

फाटलेलं कापड समोर आलं की किती गेलंय हे रफूगार आधी बघत नसे. किती शिल्लक आहे ते बघे. त्याने खुर्ची वळवली.

"सुया परत मागता येतील. आत्ताच जातो. पण शिंपी विचारणार, दिल्यास का आणि मागतोस का. मला ते सांगता यायचं नाही. तुम्ही आलात तर…"

"मी काय म्हणून येऊ?"

"ते वाटेत ठरवू."

"पलीकडची गल्ली पाच मिनिटांवर आहे."

"हो," तो म्हणाला. "आपण लांबून जाऊ."

तिने कोट खुंटीला अडकवला आणि दार त्याच्यासाठी धरून ठेवलं.