वारा पाठीवर आला तर

“समुद्राकडे तोंड करून उभ्या राहा. वारा गालावर लागला आणि मी अंगठा वर केला, की पतंग सोडायचा. पण वारा पाठीवर आला... तर मी हात जोडले तरी सोडायचा नाही.”

त्याचा तो आवाज अजून कानात आहे.

शेजारच्या देशात, किनाऱ्यालगत आत्याचं छोटं अतिथिगृह. मी तिच्या मदतीला गेले होते. दोरीवरची चादर वाऱ्यानं सुटली, वाळूवरून धावली आणि नेमकी त्याच्या अंगावर. तो खोलीएवढ्या पतंगात हवा भरत होता. हा पतंग कमरेला बांधून, पायाखाली फळी घेऊन तो लाटांवरून सुसाट जायचा. त्या देशाचे किनारे, तळी पालथी घालून या खेळाच्या चांगल्या जागा शोधणं, हे त्याचं काम.

“चादर तुमची?”

“आत्याची. द्या.”

“देतो. आधी माझा पतंग धरा. एकट्यानं उडत नाही हो.”

तो आत्याकडेच उतरला होता. आत्या त्याला ‘वाऱ्याचे जावई’ म्हणायची. “जेवायला येताहेत का वाऱ्याचे जावई, की सासरीच मुक्काम?”

रोज सकाळी नामस्मरण आटोपलं की मी पतंग धरायची. अंगठा वर... मी सोडायची. तो लाटांमागे ठिपका होई. परत येऊन पतंग माझ्या हाती उतरवेपर्यंत मी मनात नाव घेत राही.

“एवढं घाबरता, तर येता कशाला?”

“घाबरते म्हणूनच येते.”

तो हसला नाही. “गेल्या वर्षी वारा जमिनीकडून होता. मी हट्ट केला, सोबत्यानं सोडला. कोळ्यांना सापडलो तेव्हा अंधार पडला होता. आत्यांनी आधीच सांगितलं होतं, तुम्ही नेम मोडत नाही. म्हणून मी...”

“म्हणून काय?”

“...चादर उशिरा परत केली.”

त्याच्या मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी खाडीच्या तोंडाची जागा बघायची राहिली होती. दोऱ्या ताणल्या, आणि माझे मोकळे केस पाठीमागून तोंडावर आले.

त्यानं अंगठा वर केला. मी धरूनच राहिले.

“अहो, सोडा ना. आजचाच दिवस आहे. एकच फेरी.”

मग त्यानं खरंच हात जोडले. पतंग धडपडत होता, माझी बोटं सोलवटत होती. आता हा रुसणार, न बोलता निघून जाणार...

“नाही,” मी म्हटलं.

तो रागानं वळला, आणि वाऱ्यानं त्याची टोपी उडवली. पाण्यावर पडली, आत जात राहिली, दिसेनाशी झाली. आम्ही दोघंही तिकडे बघत राहिलो.

“हात बघू,” तो जवळ येऊन हळूच म्हणाला. माझी बोटं त्यानं ओंजळीत घेतली. “उद्यापासून उत्तरेच्या तळ्यांवर पतंग कोण धरणार?”

“बोलावलंत, तर येईन.”

“नक्की?”

मी मान डोलावली.

चार दिवसांनी निरोप आला. ‘वारा छान आहे. धरणारे पुष्कळ मिळतात, न सोडणारं कोणी नाही. पतंग पिशवीतच आहे. येतेस?’

सकाळी नामस्मरण झाल्यावर पिशवी भरली. आत्या दारात उभी. “तू पोचेपर्यंत जावईबुवांना धीर धरवेल ना गं?”

मलाही तीच धास्ती होती. ओली चादर दोरीवर टाकली, दोन्ही टोकांना चिमटे लावले आणि बसथांब्याकडे चालू लागले.